सेटिंग कुणाची, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. निपाणीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानासाठी तुम्ही व्हीबी डॉट नेटमध्ये बिलिंगचा प्रोग्राम लिहिला आहे. पुढे दोन काउंटर, मागे ऑफिस, असे तीन कॉम्प्युटर. माणसं पाच-सहा, आणि कोण कधी कुठे बसेल याचा नेम नाही. एकाला स्क्रीन मराठीत हवी, दुसऱ्याला कन्नडमध्ये. दिवाणजींना अक्षरं मोठी लागतात. प्रिंटर आणि बिलाचा कागद प्रत्येक जागी वेगळा. कोल्हापूर-कागलची गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या मुलाला आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी, आधीच निवडलेला हवा. हे सगळं तुम्ही एक्सईशेजारच्या (एक्सई म्हणजे प्रोग्रामची चालणारी फाइल) एका फाइलीत लिहिता. तुमच्या लॅपटॉपवर ते ठीक चाललं. दुकानात इन्स्टॉल केल्यावर मात्र ‘ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे लिहायला परवानगी नाही, असं आलं, म्हणून कुणाच्या तरी सल्ल्यावरून तुम्ही ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ लावलंत. आता फाइल लिहिली जाते, पण दिवाणजींनी मोठी केलेली अक्षरं मालकांच्या मुलालाही मोठीच दिसतात, आणि नवी आवृत्ती टाकली की सगळं पुन्हा मूळपदावर येतं. म्हणून तुम्ही विचारता की बदललेली डिफॉल्ट्स, म्हणजे आधीपासून ठरलेल्या किंमती, एक्सईमध्येच कायमची कशी साठवायची.

एक्सईत काहीही साठवू नका. चालू असलेली एक्सई विंडोज लिहिण्यासाठी उघडूच देत नाही. खटपट करून ते जमवलंत तरी फाइलीवरची डिजिटल सही मोडते, आणि स्वतःलाच बदलणारा प्रोग्राम अँटिव्हायरसच्या नजरेत लगेच येतो. हे सगळं निभावलं असं धरलं तरी दिवाणजींच्या मोठ्या अक्षरांचा प्रश्न तसाच राहतो, कारण एक्सई एकच आणि माणसं अनेक. तुमच्यापुढे खरे प्रश्न दोन आहेत: सेटिंग कुठे लिहायची, आणि ती कुणाच्या नावावर लिहायची. पहिल्याचं उत्तर ठरलेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर दुकानागणिक बदलतं, आणि माझ्या अनुभवात घोळ नेहमी तिथेच होतो.

आधी ‘ॲक्सेस डिनाइड’चं कारण पाहू. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याच्या हक्कांवर चालणारा प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू शकत नाही. तिथे प्रोग्राम राहतो, त्याची माहिती राहत नाही. तुमच्या लॅपटॉपवर एक्सई प्रोजेक्टच्याच फोल्डरमधून चालत होती, म्हणून अडलं नाही. जुन्या व्हीबी ६ च्या प्रोग्रामांना विंडोज या बाबतीत सांभाळून घेते. त्यांनी ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहिलं की ते गुपचूप त्या-त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवलं जातं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या काही वर्कशॉपमध्ये अजून असे प्रोग्राम चालतात, आणि ‘फाइलीत बदल केला तरी प्रोग्रामला दिसत नाही’ अशी तक्रार तिथून आली की मी आधी हा फोल्डर उघडतो. डॉट नेटच्या प्रोग्रामात मॅनिफेस्ट, म्हणजे आपल्याला कोणते हक्क हवेत ते विंडोजला सांगणारी नोंद, असतं, त्यामुळे त्याला ही सवलत मिळत नाही. तो थेट नकार खातो, आणि ते बरं, कारण चूक निदान दिसते तरी.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ मात्र आजच काढा. काउंटरवरच्या प्रोग्रामला सगळ्या कॉम्प्युटरचे हक्क देणं धोक्याचं आहे, हे एक. दुसरं म्हणजे काउंटरचं विंडोज खातं साधं असेल आणि ॲडमिनचा पासवर्ड वेगळ्या खात्याचा असेल, तर प्रोग्राम त्या दुसऱ्या खात्याच्या नावाने चालतो. मग ‘चालू वापरकर्त्याचा फोल्डर’ मागितला तर ॲडमिनचा मिळतो आणि पुढचे सगळे उपाय फसतात. शिवाय सर्व्हरवरचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल, तर वाढीव हक्कांवर चालणाऱ्या प्रोग्रामला तो ड्राइव्ह बहुतेक वेळा दिसतच नाही. काउंटरवरच्या मुलाला तो दिसतो आणि प्रोग्रामला दिसत नाही, हे कोडं सोडवण्यात लोकांचे दिवस जातात.

आता कुठे लिहायचं ते. प्रत्येक विंडोज खात्याला ‘ॲपडेटा’ नावाचा लपलेला फोल्डर असतो. त्यात ‘रोमिंग’ आणि ‘लोकल’ असे आपल्या कामाचे दोन भाग. ‘रोमिंग’मधला मजकूर माणसाबरोबर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, पण त्यासाठी डोमेन आणि रोमिंग प्रोफाइल, म्हणजे सगळी विंडोज खाती एका सर्व्हरवरून सांभाळण्याची व्यवस्था, लागते. एखाद्या कॉलेजात किंवा मोठ्या कारखान्यात ती व्यवस्था असू शकते, दुकानात नसते. ‘लोकल’ त्याच कॉम्प्युटरवर राहतो. त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्यांसाठी म्हणून ‘प्रोग्रामडेटा’ हा तिसरा फोल्डर आहे. हे पत्ते हाताने टाइप करू नका, डॉट नेटच्या ‘एन्व्हायरन्मेंट’ या क्लासकडे मागा, म्हणजे विंडोज सी ड्राइव्हवर असो वा नसो, अडत नाही. ‘प्रोग्रामडेटा’ची एक खोच मात्र ध्यानात ठेवा. तिथे एका साध्या खात्याने तयार केलेली फाइल दुसऱ्या साध्या खात्याला वाचता येते, बदलता येत नाही. म्हणून इन्स्टॉलरनेच आपल्या प्रोग्रामचा फोल्डर तिथे तयार करून लिहिण्याची परवानगी सगळ्यांना द्यायला हवी.

इथपर्यंतचं कोणत्याही पुस्तकात सापडेल. यापुढचं तुमच्या दुकानावर अवलंबून आहे, आणि ते तुम्हालाच पाहावं लागेल.

‘युजर’ म्हणजे कोण? विंडोजच्या लेखी युजर म्हणजे विंडोजचं खातं. पण बेळगावच्या गणपत गल्लीतलं दुकान घ्या, मार्केट यार्डातली अडत घ्या, शहापुरातलं साड्यांचं दुकान घ्या. सकाळी कॉम्प्युटर एकदा चालू होतो, एकाच खात्यावर, बऱ्याचदा पासवर्डशिवाय, आणि रात्रीपर्यंत त्यावर जो येईल तो बसतो. माणूस बदलतो तो तुमच्या प्रोग्रामच्या लॉगिनमध्ये. अशा ठिकाणी सगळं निगुतीने ‘ॲपडेटा’त लिहिलंत तरी दिवाणजींची अक्षरं मालकांच्या मुलाला मोठीच दिसणार, कारण विंडोजच्या दृष्टीने ते दोघे एकच आहेत. उलट एखाद्या डॉक्टरांच्या किंवा सीएच्या ऑफिसात प्रत्येकाचं विंडोज खातं वेगळं असतं, आणि तिथे ‘ॲपडेटा’ पुरतो. म्हणून आधी दुकानात जाऊन अर्धा दिवस नुसतं बघा, कोण कशाने लॉगिन करतं. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तिन्ही कॉम्प्युटरवर विंडोजचं एकेकच खातं आहे आणि खरी ओळख प्रोग्रामच्या लॉगिनमधून होते. पुढचं मी तसं धरून लिहितो.

मी कोणत्याही नव्या प्रोग्रामच्या सेटिंग्ज एका कागदावर लिहून काढतो आणि प्रत्येकीपुढे विचारतो: ही कुणाची? माणसाची, यंत्राची, की पेढीची? तुमची यादी याच चाळणीतून काढू.

भाषा, अक्षरांचा आकार, यादीतले कोणते रकाने दिसावेत, एंटर दाबल्यावर कर्सर कुठे जावा, या गोष्टी माणसाच्या. माणूस पहिल्या काउंटरवरून दुसऱ्यावर गेला तरी त्या त्याच्याबरोबर गेल्या पाहिजेत. त्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर फाइलीत ठेवल्या तर जाणार नाहीत. तुमचा डेटाबेस तिन्ही कॉम्प्युटर मिळून वापरतात, तेव्हा त्यातच एक छोटं टेबल करा: ऑपरेटरचा क्रमांक, सेटिंगचं नाव, किंमत. लॉगिन झालं की त्या माणसाच्या ओळी वाचायच्या. तुमच्या ‘रोमिंग’चं काम हे टेबलच करेल.

भाषेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्या भागात ही चैनीची गोष्ट नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, खुद्द बेळगाव, कुठेही पाहा, एकाच काउंटरवर सकाळी मराठी वाचणारा आणि दुपारी कन्नड वाचणारा माणूस बसतो. आपल्या लिपीतली स्क्रीन समोर असली की नवा माणूस लवकर रुळतो आणि चुका कमी करतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून भाषा ही दुकानाची सेटिंग करू नका, ती माणसाचीच असू द्या. फक्त एक अडचण येते. लॉगिनच्या आधी माणूस कोण हे प्रोग्रामला माहीत नसतं, मग लॉगिनची स्क्रीन कोणत्या भाषेत दाखवायची? मी त्या स्क्रीनवर ‘मराठी’, ‘ಕನ್ನಡ’ऐवजी नुसती चिन्हं असा खेळ करत नाही, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांची बटणं त्या-त्या लिपीत ठेवतो आणि त्या कॉम्प्युटरवर शेवटी वापरलेली भाषा आधी दाखवतो. ही शेवटची भाषा यंत्राच्या फाइलीत राहते.

यंत्राच्या गोष्टी म्हणजे प्रिंटर, कागदाचा आकार, वजनकाटा ज्यावर जोडलाय ते कॉम पोर्ट, आणि डेटाबेस कुठे आहे त्याचा पत्ता. डेटाबेसचा पत्ता डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही हे उघड आहे, म्हणून यंत्राची एक लहान फाइल लागतेच. ती ‘प्रोग्रामडेटा’त ठेवा. पहिल्या काउंटरवर तीन इंची थर्मल प्रिंटर असेल आणि ऑफिसात ए-४ लेझर, तर दिवाणजी काउंटरवर बसले की बिल थर्मलवरच निघालं पाहिजे. प्रिंटर माणसाच्या नावावर ठेवला तर नेमकं उलटं होईल. आणखी एक गोष्ट नेहमी घडते. झाडलोट करताना कुणीतरी प्रिंटरची यूएसबी काढून शेजारच्या भोकात घालतं, आणि विंडोज त्याच प्रिंटरला ‘कॉपी १’ जोडून नवं नाव देते. तुमच्या फाइलीतलं नाव मग सापडत नाही. अशा वेळी प्रोग्रामने मुकाट्याने विंडोजच्या डिफॉल्ट प्रिंटरवर बिल पाठवू नये. ‘नेहमीचा प्रिंटर सापडला नाही, यांपैकी कोणता?’ असं विचारावं आणि मिळालेलं उत्तर जपावं.

पेढीच्या गोष्टी म्हणजे पत्ता, जीएसटी क्रमांक, बिलावरच्या अटी, उधारीचे दिवस. त्या डेटाबेसमध्ये एकदाच, आणि बदलण्याचा हक्क फक्त मालकांना.

राहिला तो आयजीएसटी, आणि इथे माझं मत ठाम आहे. ही सेटिंग नाहीच. १ जुलै २०१७ पासून राज्याच्या आतल्या विक्रीला सीजीएसटी आणि एसजीएसटी, राज्याबाहेरच्या विक्रीला आयजीएसटी, आणि यातलं काय लागतं ते त्या बिलाच्या पुरवठ्याच्या ठिकाणावरून ठरतं, काउंटरवर कोण बसलंय त्यावरून नाही. कागलच्या पार्टीनंतर त्याच मुलासमोर कर्नाटकातल्याच संकेश्वरची पार्टी आली आणि त्याने घाईत डिफॉल्ट तसंच ठेवलं, तर चुकीचं बिल तयार झालं, आणि त्या दुरुस्तीचं ओझं दिवाणजींवर पडलं. सीमेवरच्या दुकानात हे दिवसातून कितीदाही घडू शकतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पार्टीच्या खात्यात राज्य नोंदलेलं असू द्या, प्रोग्रामने त्यावरून कर सुचवावा, आणि वेगळं करायचं असेल तर बिलावर जाणीवपूर्वक बदलावं लागावं. त्या मुलाला जे हवं आहे ते त्याला याने मिळेल, डिफॉल्टशिवाय. बिलाच्या पुढच्या क्रमांकाचंही तसंच. तो सेटिंगच्या फाइलीत ठेवलेला मी पाहिला आहे. तो व्यवहाराचा भाग आहे, डेटाबेसमध्ये आणि ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे बिल साठवण्याच्या त्याच एकसंध कृतीच्या, आतच हवा.

म्हणजे आतापर्यंत: माणसाचं ते डेटाबेसमध्ये माणसाच्या नावावर, यंत्राचं ते ‘प्रोग्रामडेटा’तल्या फाइलीत, पेढीचं ते डेटाबेसमध्ये एकदाच, आणि जे व्यवहारावरून ठरतं ते सेटिंग्जमध्ये नाहीच. कुठलीही सेटिंग दोन घरांत ठेवण्याचा मोह टाळा. ‘माणसाची असेल तर ती, नाहीतर यंत्राची, नाहीतर पेढीची’ अशी लांब साखळी कागदावर देखणी दिसते, पण सहा महिन्यांनी ही किंमत कुठून आली हे तुम्हालाही सांगता येत नाही. फार तर दोन पायऱ्या ठेवा आणि सेटिंगच्या खिडकीत किंमतीशेजारी ‘प्रोग्रामची मूळ’ की ‘तुम्ही बदललेली’ हे लिहा. फोनवर मदत करताना या दोन शब्दांनी फार वेळ वाचतो.

आता ‘डिफॉल्ट’ या गोष्टीकडे वळू. मूळ डिफॉल्ट्स कोडमध्येच राहू द्या, एक्सईबरोबर कंपाइल झालेली. साठवायचा तो फक्त फरक. फाउंड्रीतला ड्रॉइंगवाला मूळ नकाशाला हात न लावता वर ट्रेसिंग पेपर ठेवून बदल काढतो, तसं. माणसाने अक्षरं १४ केली तर ‘अक्षरं: १४’ एवढी एकच ओळ साठवा. बाकीच्या सेटिंग्जची नोंदच नको. पुष्कळ जण पहिल्यांदा प्रोग्राम उघडताच सगळी डिफॉल्ट्स वापरणाऱ्याच्या फाइलीत उतरवून ठेवतात. मग पुढच्या आवृत्तीत तुम्ही एखादं डिफॉल्ट सुधारलंत तरी जुन्या माणसांपर्यंत ते पोचत नाही, कारण त्यांच्या फाइलीत जुनी किंमत ‘त्यांची निवड’ म्हणून बसलेली असते, आणि त्यांनी ती कधी निवडलेलीच नसते. फरकच साठवला की ‘मूळ स्थितीत आणा’ हे बटणही सोपं होतं: ती ओळ पुसली की झालं.

याला एक अपवाद मी करतो. ज्या डिफॉल्टमुळे छापील कागद किंवा पैशाचा हिशेब बदलतो, उदाहरणार्थ रक्कम रुपयात पूर्ण करायची की पैसे ठेवायचे, ते नव्या आवृत्तीत जुन्या दुकानासाठी आपोआप बदलू देत नाही. अशा मोजक्या गोष्टी पहिल्याच दिवशी मालकांना विचारून पेढीच्या टेबलात ठळकपणे लिहून ठेवतो.

नवी आवृत्ती टाकली की सगळं मूळपदावर येण्याचं तुमचं कारण उघड आहे: इन्स्टॉलर एक्सईशेजारची फाइल नव्याने टाकतो आणि जुनी पुसली जाते. जागा बदलली की हे थांबेल. पण डॉट नेटची स्वतःची सेटिंग्जची सोय वापरायचा विचार असेल, तर तिथेही हाच अनुभव दुसऱ्या वाटेने येतो. प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्लिकेशन’ आणि ‘युजर’ असे दोन स्कोप, म्हणजे सेटिंगच्या दोन कक्षा, असतात. ‘ॲप्लिकेशन’ची किंमत चालू प्रोग्रामला बदलता येत नाही, ‘युजर’ची येते. ती ‘लोकल’मध्ये ‘युजर डॉट कॉन्फिग’ या फाइलीत जाते. या फाइलीच्या पत्त्यात कंपनीचं नाव, एक्सईचं नाव, एक लांबलचक हॅश (एक्सईच्या ओळखीवरून काढलेली अक्षरांची खूण) आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. म्हणजे आवृत्ती बदलली की फोल्डर नवा आणि सेटिंग्ज कोऱ्या. असेंब्लीची, म्हणजे तयार एक्सईची, आवृत्ती ताऱ्याचं चिन्ह घालून आपोआप वाढणारी ठेवली असेल, तर नव्या बिल्डला हे होणारच. उपाय सोपा आहे. ‘अपग्रेड करायचं आहे’ अशी एक खूण युजर स्कोपमध्ये ठेवा, तिचं डिफॉल्ट ‘खरं’. सुरुवातीला ती खरी दिसली तर सेटिंग्जवर ‘अपग्रेड’ ही मेथड चालवा, खूण ‘खोटी’ करा, आणि ‘सेव्ह’ करा. जुन्या आवृत्तीच्या किंमती नव्या फोल्डरमध्ये येतात. मात्र एक्सईला स्ट्राँग नेम, म्हणजे सही करून दिलेली कायमची ओळख, नसेल आणि तुम्ही तिची जागाच बदललीत, तर हॅश बदलतो आणि ‘अपग्रेड’लाही जुनं सापडत नाही.

एका माणसाने एका कॉम्प्युटरवर वापरायच्या छोट्या प्रोग्रामाला ही सोय पुरेशी आहे, आणि तिथे मी ती वापरतो. तुमच्या दुकानासाठी नाही, कारण तिला तुमचे ऑपरेटर ओळखू येत नाहीत.

मग यंत्राची फाइल कशात लिहायची? मी जेसॉन घेतो, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्या साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत. आयएनआय ही तशीच जुनी पद्धत वाचायला सोपी असते, पण विंडोजची जुनी आयएनआयची फंक्शन्स वापरलीत तर एक धोका आहे. फाइल आधीपासून युनिकोडमध्ये तयार केलेली नसेल तर ती मजकूर जुन्या एएनएसआय पद्धतीने लिहितात, आणि त्या पद्धतीत देवनागरीला किंवा कन्नड लिपीला जागाच नाही. पेढीच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि एकदा ती लिहिली गेली की मूळ नाव परत मिळत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहा आणि वाचतानाही तेच सांगा. डॉट नेटचा आजचा जेसॉन लिहिणारा देवनागरी अक्षरांच्या जागी सांकेतिक आकडे लिहितो. ते बिघडलेलं नसतं, वाचताना बरोबर येतं. पण फाइल डोळ्यांनी वाचता यावी असं वाटत असेल तर त्याचा एन्कोडर बदलता येतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या साठ्यातही, ‘करंट युजर’खाली लिहिता येतं, चूक नाही, पण दुकानातल्या माणसाला फोनवर ‘ही फाइल मला पाठवा’ म्हणता येतं, रजिस्ट्रीबद्दल तसं म्हणता येत नाही.

तारखा आणि आकडे लिहिताना विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर विसंबू नका. तीनपैकी एका कॉम्प्युटरवर विंडोज टाकणाऱ्याने अमेरिकेची पद्धत तशीच ठेवलेली असणं अगदी शक्य आहे. मग एका यंत्राने लिहिलेली ०४-०५-२०२४ ही ४ मे दुसऱ्यावर ५ एप्रिल होते. साठवताना वर्ष-महिना-दिवस हाच क्रम आणि ‘इन्व्हेरियंट कल्चर’, म्हणजे कुठल्याच देशावर न ठरणारी डॉट नेटची पद्धत, वापरा. स्क्रीनवर ऑपरेटरला देवनागरी आकडे दाखवायचे असतील तर जरूर दाखवा, पण ते फक्त दाखवण्यापुरते.

लिहायचं कधी? माणसाने ‘ठीक’ दाबल्याबरोबर. प्रोग्राम बंद होताना एकदम लिहू असं ठेवलंत तर ते कित्येकदा होणारच नाही. संध्याकाळी वीज जाते, यूपीएसची बॅटरी थकलेली असते, किंवा कुणी सरळ मेन स्विच ओढून दुकान बंद करतं. आणि लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धी फाइल राहते. म्हणून मूळ फाइलीवर थेट कधीच लिहू नका. शेजारी तात्पुरत्या नावाची फाइल पूर्ण लिहा, ती डिस्कवर खरोखर उतरली आहे याची खात्री करा, आणि मग ‘फाइल डॉट रिप्लेस’ने जुनीच्या जागी बसवा. जुनी प्रत बॅकअप म्हणून ठेवण्याची सोय त्याच मेथडमध्ये आहे. ‘युजर डॉट कॉन्फिग’ अशा वेळी बिघडली तर प्रोग्राम सुरूच होत नाही, आणि समोर इंग्रजीत कॉन्फिगरेशनची चूक येते. गिऱ्हाईक उभं आहे आणि अक्षरांच्या आकाराची फाइल बिघडली म्हणून बिल निघत नाही, हे कधीही होऊ नये. फाइल वाचता आली नाही तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, बॅकअप वाचून पाहा, तोही नसेल तर मूळ डिफॉल्ट्सवर उघडा आणि तसं सांगा.

वाचलेली प्रत्येक किंमत तपासून घ्या. अक्षरांचा आकार ० किंवा ४०० आला तर डिफॉल्ट घ्या. खिडकीची जागा साठवत असाल तर ती सध्याच्या स्क्रीनवर बसते का ते पाहा. ऑफिसात दुसरा मॉनिटर होता, तो काढला, आणि प्रोग्राम ‘उघडतच नाही’ अशी तक्रार आली तर खिडकी बहुधा त्या गेलेल्या मॉनिटरवर उघडलेली असते. फाइलीत तिच्या रचनेचा एक क्रमांक ठेवा, आणि ओळखू न येणाऱ्या नोंदी लिहिताना पुसू नका. तीन कॉम्प्युटरपैकी एकावर जुनी आवृत्ती राहिली तरी मग नव्याचं नुकसान होत नाही.

पासवर्ड साध्या अक्षरांत कुठेही लिहू नका. विंडोजची डेटा प्रोटेक्शनची सोय डॉट नेटमध्ये ‘प्रोटेक्टेड डेटा’ या नावाने मिळते. ती वापरलीत तर ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उचलून नेऊन उघडत नाही, हे मात्र धरून चला.

कुणी हेच पायथॉनमध्ये करत असेल तर एक इशारा. पायइन्स्टॉलरने एकच फाइल केलेला प्रोग्राम प्रत्येक वेळी स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो आणि बंद होताना तो फोल्डर पुसतो. कोडच्या शेजारी लिहिलेली सेटिंग त्याबरोबर जाते. तिथे ‘प्लॅटफॉर्मडिर्स’ ही लायब्ररी योग्य फोल्डर सांगते. क्यूटी वापरणाऱ्यांसाठी ‘क्यूसेटिंग्ज’ आहे. लिनक्सवर अशा फाइली घरच्या फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये जातात. कुणाच्या नावावर लिहायचं हा प्रश्न या सगळ्यांत तोच राहतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण लवकरच समोर येईल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि दुकानादुकानांत कॉम्प्युटर बदलणं किंवा फॉरमॅट करणं चालू आहे. फॉरमॅट करणारा मुलगा डी ड्राइव्ह आणि डेस्कटॉप जपतो. ‘ॲपडेटा’ आणि ‘प्रोग्रामडेटा’ हे दोन्ही लपलेले फोल्डर त्याच्या डोळ्यांना दिसतच नाहीत. माणसाच्या आणि पेढीच्या सेटिंग्ज डेटाबेसमध्ये ठेवण्याचा हा दुसरा फायदा: त्या रोजच्या बॅकअपमध्ये आपोआप येतात. यंत्राच्या फाइलीसाठी ‘सेटिंग्ज बाहेर काढा’ आणि ‘सेटिंग्ज आत घ्या’ अशी दोन बटणं द्या, आणि बॅकअप घेताना ती फाइलही त्यातच घाला.

दुकान चालू असताना हे सगळं कसं बदलायचं? एकदम नको. आधी डेटाबेसमध्ये टेबल तयार करा. मग नव्या आवृत्तीने पहिल्यांदा उघडताना एक्सईशेजारची जुनी फाइल आहे का ते पाहावं, असेल तर प्रिंटर, कागद आणि डेटाबेसचा पत्ता ‘प्रोग्रामडेटा’त न्यावा, आणि भाषा-अक्षरं त्या वेळी लॉगिन झालेल्या माणसाच्या नावावर न घालता सोडून द्यावीत, कारण ती नेमकी कुणाची होती हे त्या फाइलीवरून कळत नाही. जुनी फाइल पुसू नका, वाचून तशीच राहू द्या. इन्स्टॉलरला मात्र सांगा की ती फाइल त्याने पुसायची नाही आणि नव्याने टाकायचीही नाही, नाहीतर नेण्याआधीच ती जाईल. हे आधी मागच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर करा, साध्या विंडोज खात्यावर, ॲडमिनशिवाय. दिवाणजींना तिथे बसवून अक्षरं मोठी करायला सांगा, मग मालकांच्या मुलाला लॉगिन करू द्या. नंतर पहिल्या काउंटरवर नवी आवृत्ती टाकून दिवाणजींना तिथे लॉगिन करायला सांगा: अक्षरं मोठी दिसली आणि बिल थर्मलवर निघालं, तर उरलेला काउंटरही त्याच दिवशी बदलून टाका.